डोंगर एकच, परवानग्या मात्र तुकड्यांत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील नियोजित उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे एकत्रित पर्यावरणीय मूल्यमापन

जून २०२३ मध्ये राज्य शासनाने टोरंट पॉवर कंपनीशी केलेल्या सामंजस्य करारात रायगड जिल्ह्यातील कर्जतबरोबरच मावळ येथे १,२०० आणि जुन्नर येथे १,५०० मेगावॉट क्षमतेचे उदंचन प्रकल्प, म्हणजे व्यवहारात ज्यांना पंप्ड स्टोरेज म्हणतात ते प्रकल्प, प्रस्तावित करण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, टाटा पॉवरशी झालेल्या करारात मावळातील शिरोता येथील १,८०० मेगावॉटच्या प्रकल्पाची भर पडली. एकट्या पुणे जिल्ह्यात अवघ्या दोन महिन्यांत कागदावर आलेली ही क्षमता ४,५०० मेगावॉट होते. कोयनेची सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि ती उभी राहायला काही दशके लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका ध्यानात येतो. बातम्यांत गुंतवणुकीची रक्कम आणि रोजगाराचे अंदाज ठळकपणे छापून आले. ज्या डोंगरांच्या पोटात हे प्रकल्प बसवायचे आहेत त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला आणि आता पुण्यात स्थायिक झालेला एक अभियंता म्हणून त्याविषयी काही मुद्दे आपल्या पत्राद्वारे मांडू इच्छितो.

आरंभीच स्पष्ट करतो की वीज साठवण्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते आणि मागणी बेताची असते, संध्याकाळी दिवे लागले की नेमके उलटे होते. उदंचन प्रकल्पात दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातले पाणी वरच्या तलावात चढवतात आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण ७५ ते ८० टक्के परत मिळते, उरलेली खर्ची पडते. भंडारदऱ्याजवळचा २५० मेगावॉटचा घाटघर प्रकल्प २००८ पासून या तत्त्वावर चालतो आहे, टाटांचा भिरा येथील १५० मेगावॉटचा संच त्याहून जुना आहे. तेव्हा तंत्र नवे नाही आणि सौरऊर्जेचा वाटा वाढवायचा तर साठवणुकीची गरजही खरी आहे. कोळशाच्या धुराला विरोध करायचा आणि साठवणुकीलाही विरोध करायचा, अशी भूमिका मला प्रामाणिक वाटत नाही.

आणखी एक गोष्ट विरोधकांच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादाबद्दल. या प्रकल्पांमुळे पुण्याचे पाणी पळवले जाईल, असे सभांमधून सांगितले जाते. हिशेब करून पाहावा. पाचशे मीटर उंचीचा फरक मिळाला तर एक घनमीटर पाण्यापासून, यंत्रातली घट धरून, सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे हजार मेगावॉटचा प्रकल्प सहा तास चालवायला सुमारे ५० लाख घनमीटर पाणी लागेल, जे टीएमसीच्या भाषेत पाव टीएमसीपेक्षाही कमी आहे. वरील तिन्ही प्रकल्प एकत्र धरले आणि तेवढीच उंची मानली तरी फिरते पाणी एक टीएमसीच्या आतच राहते. एकट्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. शिवाय हे पाणी खर्च होत नाही, वरखाली फिरत राहते. दरवर्षी बाष्पीभवन आणि गळतीपुरती भर घालावी लागते. ती कोणत्या नदीच्या हिश्शातून घालणार हे विचारले पाहिजे, पण मुख्य चिंता ही नव्हे. खरी चिंता तलावाच्या पाण्याची नसून डोंगराच्या आतल्या पाण्याची आहे, आणि तिच्याविषयी सभांमध्येही कोणी बोलत नाही.

आपला सह्याद्री बेसाल्टचा असला तरी तो वरपासून खालपर्यंत एकजीव कातळ नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातले काही घट्ट आणि काही पोकळ्यांनी भरलेले, ज्यांना भूजलाच्या क्षेत्रात मांजऱ्या खडक म्हणतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी भाजलेल्या विटेसारखा तांबडा मातकट पट्टा सापडतो. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळी पठार, आणि त्याखालचा भेगाळ थर पावसाचे पाणी मुरवून घेतो, खालचा घट्ट थर किंवा तांबडा पट्टा ते अडवतो, आणि जिथे हा सांधा डोंगराच्या कुशीत उघडा पडतो तिथे झरा फुटतो. घाटमाथ्यावरच्या बहुतेक वाड्या नेमक्या अशा जागी वसलेल्या आहेत, आणि त्यांची जागा निवडणाऱ्या पूर्वजांनी कोणताही भूशास्त्रीय नकाशा पाहिलेला नव्हता. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सरासरी सातशे-साडेसातशे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत घाटमाथ्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाचे पाणी उतारावरून केव्हाच कोकणात किंवा धरणात निघून गेलेले असते. उन्हाळ्यात वाडीच्या हाती राहतो तो झरा, त्याच्याखालचे टाके आणि ओढ्यात खणलेले झिरे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांपैकी ज्यांच्यापर्यंत नळयोजना पोचल्या, त्यांतल्या बऱ्याच योजनांचा उगमही असाच एखादा झरा असतो.

आता या थरांमधून वीजगृहाकडे पाणी आणणारा शीर्षजल बोगदा, उभी विवरे, पाण्याच्या दाबातले चढउतार सावरणारी उल्लोळ विहीर, भूमिगत वीजगृहाची गुहा, वापरलेले पाणी बाहेर नेणारा अवजल बोगदा आणि माणसे-यंत्रे नेण्यासाठीचे प्रवेश बोगदे खणायचे आहेत. बोगदा पाणी धरणारा थर कापून गेला की त्या थरातले पाणी झऱ्याकडे जाण्याऐवजी बोगद्याकडे धावते. बोगद्याचे काम केलेल्या कोणालाही विचारा, आत पाणी लागणे ही नित्याची बाब आहे. ते उपसून बाहेर सोडायचे आणि काम पुढे न्यायचे, अशीच पद्धत असते. पुढे सिमेंटचे अस्तर केले, भेगांत सिमेंटचे मिश्रण भरले, तर गळती कमी होते. पण बांधकामाच्या काही वर्षांत जो थर रिकामा झाला तो पुन्हा पूर्वीसारखा भरेल आणि पाणी जुन्याच वाटेने बाहेर येईल, याची खात्री देणारा अभियंता मला अद्याप भेटलेला नाही. झरा आटला तर तो बोगद्यामुळे आटला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र वाडीवर येऊन पडते, आणि आधीची नोंद नसेल तर वाडीने ते सिद्ध कशाच्या आधारावर करायचे?

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अगदी साधी आहे. प्रस्तावित बोगद्यांच्या दोन्ही बाजूंच्या सर्व झऱ्यांची, टाक्यांची आणि पिण्याच्या विहिरींची यादी करावी आणि काम सुरू होण्यापूर्वी किमान दोन पूर्ण वर्षे दर महिन्याला त्यांचे पाणी मोजावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तिचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि हे काम तिच्या कक्षेबाहेरचे नाही. परंतु निरीक्षण विहिरी प्रामुख्याने लागवडीच्या सपाट भागात असतात. कड्याखालच्या झऱ्याची नोंद त्यांतून मिळत नाही. एक बादली, एक घड्याळ आणि गावातला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर झऱ्याचे पाणी मोजता येते. हजारो कोटींच्या प्रकल्पात हा खर्च कोणाच्या नजरेतही येणार नाही. मोजणी ग्रामपंचायतीच्या ताब्यात राहावी आणि तिची प्रत कंपनीला द्यावी. याच्या उलटा क्रम मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा बोगद्यातून निघणाऱ्या दगडमातीचा. नमुन्यादाखल आठ मीटर व्यासाचा पाच किलोमीटर बोगदा घेतला तर अडीच लाख घनमीटर कातळ निघतो. फुटलेला दगड फुगतो. दीडपट धरला तर पावणेचार लाख घनमीटर माल होतो, आणि दहा घनमीटरच्या टिपरने तो हलवायला साडेसदतीस हजार खेपा लागतील. यात वीजगृहाची गुहा नाही, तलावांचे खोदकाम नाही, रस्त्यांची कटाई नाही. हा माल टाकायचा कुठे? अहवालात त्यासाठी जागा दाखवलेल्या असतात, पायथ्याला भिंत, वर माती आणि झाडे असे नीटस चित्रही असते. प्रत्यक्षात घाटमाथ्यावर सपाट जागा म्हणजे भातखाचरे किंवा देवराई किंवा सडा, आणि उरतो तो उतार. जून ते सप्टेंबर या काळात सैल दगडमातीच्या ढिगावर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडल्यावर तो ढीग ओढ्यात येणार नाही, असे मानणे धाडसाचे आहे. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. माळीणला बोगदा नव्हता, तेव्हा त्या दुर्घटनेचा या प्रकल्पांशी संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण याच जिल्ह्यातल्या भिजलेल्या उताराचा स्वभाव काय आहे हे माळीणने दाखवून दिले आहे, आणि त्या उतारावर कापलेला रस्ता, सुरुंगांचे हादरे आणि वरून टाकलेला राडारोडा यांची भर घालताना तेवढे तरी भान ठेवावे, ही अपेक्षा गैर नाही.

रस्त्यांच्या बाबतीत तर अनुभव हाताशी आहे. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवनचक्की प्रकल्पाची प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात सविस्तर दखल घेतली होती. पवनऊर्जा स्वच्छ खरी, पण अजस्र पाती डोंगरावर नेण्यासाठी जे रुंद आणि तीव्र चढाचे रस्ते कापले गेले त्यांनी जंगल तोडले, उतार ढासळवले आणि त्यांचा राडारोडा खालच्या शेतांत आणि जलाशयांत उतरला, असे त्या अहवालात नोंदवलेले आहे. हरित ऊर्जेच्या नावाखाली काय घडू शकते याचा दाखला शोधायला म्हणून दूर जाण्याची गरज नाही.

यापुढचा मुद्दा कायद्याच्या रचनेचा आहे आणि माझ्या मते सर्व दुखण्याचे मूळ तिथेच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ५० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. परंतु त्या प्रकल्पाची वीज वाहून नेणारी पारेषण वाहिनी या अधिसूचनेच्या सूचीत नाही. तिला वनजमिनीपुरती वनमंजुरी लागते, अभयारण्यातून जात असेल तर वन्यजीव मंडळाची परवानगी लागते आणि खासगी जमिनीवर विद्युत अधिनियम २००३ मधील तरतुदीनुसार १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार वापरून मनोरे उभे करता येतात. जनसुनावणी कुठेच नाही. ४०० केव्हीच्या वाहिनीसाठी वनजमिनीत ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो. म्हणजे दर किलोमीटरला ४.६ हेक्टर. घाटमाथ्यावरून तळेगाव-चाकणच्या दिशेने तीस किलोमीटरची एक वाहिनी आली तर १३८ हेक्टर पट्टा झाला, आणि प्रकल्प तीन असतील तर वाहिनी एकच असणार नाही. आपला राज्यप्राणी शेकरू झाडावरून झाडावर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. त्याच्या दृष्टीने जंगलातला ४६ मीटरचा मोकळा पट्टा ही एक भिंतच आहे. ही हानी तलावाच्या बुडीत क्षेत्राच्या हिशेबात येत नाही, कारण ती दुसऱ्या फायलीत असते.

खडीसाठी उघडल्या जाणाऱ्या खाणी तिसऱ्या फायलीत, पोचरस्ते चौथ्या, कामगारांच्या वसाहती आणि त्यांचे सांडपाणी पाचव्या. प्रत्येक टेबलावरचा अधिकारी आपल्यापुरता परिणाम मर्यादित असल्याचा शेरा मारतो आणि तो शेरा बहुधा खराही असतो. मात्र सर्व फायली एकत्र ठेवून संपूर्ण डोंगराकडे पाहणारे टेबल व्यवस्थेत कुठेच नाही. त्यात शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या कंपनीचा तसाच प्रकल्प असला तर त्याची फाईल आणखी वेगळी. इंद्रायणी, पवना, कुकडी, मीना या सगळ्या शेवटी भीमेलाच मिळतात, हे शाळेतल्या भूगोलात शिकवले जाते. मंजुरीच्या कागदांत ते विसरले जाते.

एकत्रित मूल्यमापनाची कल्पना माझी नाही. डॉ. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रात जलविद्युत प्रकल्पांना सरसकट बंदी सुचवली नव्हती. त्यांच्यासाठी अटी सुचवल्या होत्या. कोरड्या हंगामातल्या प्रवाहाच्या किमान ३० टक्के पाणी नदीत अखंड वाहते ठेवावे, प्रत्येक प्रकल्पाचा नदीप्रवाह, जंगल आणि जैवविविधता यांवरील एकत्रित परिणाम अभ्यासावा, दोन प्रकल्पांमध्ये किमान ३ किलोमीटर अंतर असावे आणि नदीखोऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग एका वेळी बाधित होऊ नये. गाडगीळ अहवाल जाचक म्हणून बाजूला ठेवल्यावर जो अहवाल व्यवहार्य म्हणून स्वीकारला गेला, त्यातल्या या अटी आहेत. केंद्राने मार्च २०१४ पासून त्यावर आधारित मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा काढली. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा होता आणि त्यात महाराष्ट्रातले सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवलेले आहे. केंद्राचे दहा वर्षांत सहा मसुदेच निघतात, राज्याचे सामंजस्य करार मात्र दोन महिन्यांत होतात, ही गंमत नोंदवून पुढे जातो.

जनसुनावणीविषयी थोडे. नियमानुसार ती प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली, किमान तीस दिवसांची सूचना देऊन घ्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. सारांश हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत, आणि ज्यांचे पाणी आणि जमीन पणाला लागली आहे त्यांच्या हाती मोजकी पाने. राडारोड्याच्या जागांचे गट क्रमांक, सुरुंगांचे वेळापत्रक, बोगद्याची आखणी हे सारे मूळ अहवालात आणि त्याच्या परिशिष्टांत असते. पूर्ण अहवाल नकाशांसह मराठीत देण्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही, इच्छा असेल तर उद्यापासून देता येईल. तसेच सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयात न घेता बाधित वाड्यांच्या जवळ घ्यावी आणि जुलै महिन्यात, जेव्हा मावळ-जुन्नरच्या पश्चिम भागातला प्रत्येक हात भाताच्या लावणीत गुंतलेला असतो, ती मुळीच घेऊ नये. जिथे वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे प्रलंबित आहेत तिथे ते आधी निकाली काढावेत. जुन्नर आणि आंबेगावचा काही भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी घोषित, क्षेत्रात येतो, तेथील ग्रामसभांना पेसा कायद्याने दिलेले अधिकार औपचारिक ठरावापुरते समजू नयेत. धरणाच्या बाबतीत आधी कामाला सुरुवात आणि मग लोकांना विचारणे, याचा परिणाम काय होतो हे १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीने पुण्याला दाखवले आहे.

पर्यायांचाही विचार व्हावा. ज्या जागी वरचा किंवा खालचा तलाव आधीच अस्तित्वात आहे, तिथे नवे बुडीत क्षेत्र कमी लागते. अशा जागांना प्राधान्य द्यावे आणि अस्पर्श सड्यांवर नवे तलाव खणण्याचे प्रस्ताव मागे ठेवावेत. संध्याकाळच्या दोन-चार तासांच्या गरजेसाठी उपकेंद्रांतच बसवता येणाऱ्या बॅटऱ्यांचा खर्च घटतो आहे, त्याची तुलना प्रत्येक अहवालात असावी. पुण्यातल्या गृहसंकुलांनीही स्वतःला विचारावे की केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छतावरच्या सौरऊर्जेसाठी अनुदान मिळत असताना आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांखेरीज काही का नाही. भरपाईची वृक्षलागवड हा उपाय मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही; घाटमाथ्यावरच्या अंजनी-जांभळीच्या रानाची भरपाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावर लावलेल्या रोपांनी होत नाही, हे वनखात्यालाही ठाऊक आहे.

राज्य शासनाने जिल्ह्यातील सर्व नियोजित उदंचन प्रकल्पांचा, त्यांच्या पारेषण वाहिन्या, रस्ते आणि खाणींसह, भीमा खोऱ्याच्या पातळीवर एकत्रित अभ्यास करून घ्यावा, तो मराठीत प्रसिद्ध करावा आणि तोवर कोणत्याही एका प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर करू नये, अशी माझी विनंती आहे. जिल्हाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी ही मागणी लेखी स्वरूपात मंत्रालयाकडे पाठवावी. झऱ्यांच्या मोजणीसाठी मात्र या अभ्यासाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींनी ठराव करून ती येत्या हिवाळ्यात सुरू केली, तर ऐन उन्हाळ्यातले पहिले आकडे पुढच्या मे महिन्यात हाती येतील. हा मे महिना हुकला तर त्यापुढच्या मेपर्यंत ते मिळणार नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
कोथरूड, पुणे